वळणावरचा राखणदार

ओरोस,
३ फेब्रुवारी २०२५

ती. भाईकाकांस,
सा. नमस्कार.

तुम्हाला फोन करून उपयोग नाही हे काकीने परवा पुन्हा सांगितलं. एकतीस वर्षं एसटीच्या इंजिनाशेजारी बसल्यावर कान शाबूत राहणार नव्हतेच, आणि ओमकारने आणलेलं कानातलं मशीन तुम्ही देवघरात ठेवून दिलंय म्हणे. म्हणून पत्र लिहिते. आडबंदरच्या गाडीत कंडक्टरकडे देईन. तुमचं नाव सांगितलं की अजून पत्र पोचतं.

काम सरकारी आहे. आमच्या रस्तासुरक्षा कक्षाने छोट्या शहरांतल्या धोक्याच्या जागांची यादी केली, त्यात आडबंदरात पहिला नंबर तुमच्या घराखालच्या वळणाचा लागला. रस्ता रुंद झाल्यापासून तीन वर्षांत चौदा अपघात. त्याआधीच्या दहा वर्षांत तीन. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत तिथे काहीतरी करायचं ठरलंय आणि ती फाइल माझ्या टेबलावर आली आहे. शाळेची मुलं त्याच वळणावरून जातात. तुमची नात, ओमकारची रियाही तिथूनच जाते.

मला एक कोडं सुटत नाही. चौदापैकी बारा गाड्या गावातल्याच आहेत, पर्यटकांच्या फक्त दोन. ज्यांना रस्ता पाठ आहे तेच तिथे कसे आपटतात?

दोन गोष्टी विचारते. वळणावरचा राखणदार देवाचा दगड किती जुना? नकाशात नोंद करायची आहे. आणि पुढच्या आठवड्यात दोन दिवस मी तिथे वही घेऊन बसणार आहे. सुभद्रामावशींच्या पडवीतून वळण पूर्ण दिसतं. त्यांना जरा विचारून ठेवाल का?

तुमची,
नम्रता

•

आडबंदर,
९ फेब्रुवारी

चि. नम्रतेस आशीर्वाद.

पहिला नंबर! आजपर्यंत आमच्या शहराचा कशातच नंबर आला नव्हता, आता आला म्हणतेस तर पेढे वाटतो.

राखणदार माझ्या पणज्याच्या आधीपासूनचा. नकाशात तसंच लिही. तुला हे विचारावं लागतं? लहान असताना माझ्या गाडीत बॉनेटवर बसून यायचीस आणि वळण आलं की तूच ओरडायचीस, "काका, देव इलो, हॉर्न मार!" त्याला हॉर्न दिल्याशिवाय आणि कपाळाला हात लावल्याशिवाय इथून गाडी जात नाही. कट्टा गावापासून बंदरापर्यंत सगळे ड्रायव्हर पाळतात. ओरोसला क्वार्टर मिळाल्यावर तू विसरलीस वाटतं.

अपघात पर्यटकांमुळेच होतात. मोबाइलवर नकाशा बघत येतात आणि आपल्या माणसांना कडेला दाबतात. मग यादीत नाव आपल्या माणसाचं लागतं. हे तुझ्या कक्षाला कोण सांगणार?

सुभद्रेच्या पडवीत बसू नको. तिचा तो पाय दुखतो, उगाच तिला ऊठबस कशाला? आपल्या अंगणात, खळ्यात खुर्ची टाकतो, तिथून बघ. ती बाई एकदा बोलायला लागली की जुनंपुराणं उगाळत बसते.

काकी तिसऱ्यांची एकशिपी करणार आहे. दोन दिवस येणार ती जेवूनच जा.

तुझा,
भाईकाका

•

ओरोस,
२६ फेब्रुवारी

ती. भाईकाकांस,
सा. नमस्कार.

एकशिपी उत्तम होती. तुमच्या खळ्यातून मात्र फणसाचं झाड दिसतं, वळण दिसत नाही. म्हणून मी सुभद्रामावशींकडेच बसले. रागावू नका.

कोडं सुटलं. दोन दिवसांत गावातल्या तीनशे बारा गाड्या गेल्या. त्यातल्या दोनशे सत्तर जणांनी देवाला हात केला. कट्ट्याकडून येताना देव डाव्या हाताला आहे आणि रस्ता वळतो उजवीकडे. नेमक्या त्याच क्षणी नजर डावीकडे, एक हात कपाळावर, आणि गाडी पन्नास-साठच्या वेगात. बाहेरच्या माणसाला देव माहीत नाही. तो आपला समोर बघतो आणि सुखरूप जातो. हॉर्नही सगळे देतात, पण वळणात शिरल्यावर देतात. तो देवासाठी असतो. समोरून येणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

म्हणून मला दगड हलवायचा आहे. जुन्या भातगिरणीसमोर सरळ रस्ता आहे, आत दहा पावलांवर गाड्या उभ्या करायला मोकळी जागाही आहे. तिथे देव ठेवला तर थांबून, उतरूनच पाया पडावं लागेल. वळणावर गाडी खडखडवणाऱ्या रंबलर पट्ट्या, गोल आरसा आणि मुलांसाठी कठडा घातलेली पायवाट करू. नगरपंचायतीला वॉर्डसभेची संमती हवी आहे. नगरसेवक गुरुप्रसाद म्हणाले, "भाईंनी हो म्हटलं की सगळ्यांनी म्हटलं." खरंच आहे. दर वर्षी त्या देवापुढे गाऱ्हाणं तुम्ही घालता आणि सगळं गाव मागून "होय म्हाराजा" म्हणतं.

आणखी दोन गोष्टी, न विचारता कळलेल्या. शेजारची रस्त्याखालची मोरी बांधली त्या वेळचा, १९८७ सालचा फोटो जुन्या फाइलीत सापडला. त्यात वळण आहे, मोरी आहे, पाट्या घेतलेले कामगार आहेत. राखणदार नाही. पणज्याच्या आधीपासूनचा देव त्या दिवशी कुठे गेला होता, एवढं नकाशासाठी कळवा.

दुसरं मावशींचं. तुमच्या गाडीची धडक बसून त्यांचा पाय अधू झाला हे मला लहानपणापासून माहीत होतं. चहा देताना त्या आपणहून म्हणाल्या, "बोलतत, हिना हॉर्न ऐकूक नाय. अगो, हॉर्न वाजलोच नाय तर ऐकतलंय काय?" मी ते लिहून घेतलं नाही, माझं काम गेल्या तीन वर्षांपुरतंच. मग त्या काठी टेकत त्याच दगडाला जास्वंद वाहायला गेल्या. रोज जातात म्हणे.

तुमची,
नम्रता

•

आडबंदर,
८ मार्च

चि. नम्रतेस आशीर्वाद.

फोटो बघून देवाचं वय काढणारी तू पहिलीच. मोरीच्या खोदकामात देव मातीखाली गेला होता, नंतर वर आला. साऱ्या गावाला ठाऊक आहे. फोटो काढणाऱ्याला कसं ठाऊक असणार?

वॉर्डसभा झाली. गुरुप्रसादने तुझा नकाशा भिंतीवर चिकटवला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी "नाय" म्हटलं आणि घरी आलो. सभा संपली.

तुला वाटेल म्हातारा हट्टी आहे. माझ्या वेळचं सांगतो. आधी ब्रेक, मग दुसरा गिअर, मग वळणाच्या अलीकडे हॉर्न, आणि गाडी माणसाच्या चालीवर आली की कपाळाला हात. ह्या मेल्यांनी आधीचं सगळं सोडलं आणि शेवटचं तेवढं धरून ठेवलं. त्यात देवाचा काय दोष? तुम्ही रस्ता तेल लावल्यासारखा गुळगुळीत करून ठेवलात, तो कोणाचा दोष?

सुभद्रेचं मनावर घेऊ नको. तेव्हा डेपोत रीतसर चौकशी झाली होती. कागदावर निकाल आहे.

ओमकारचा हात मोडला आहे. काजूच्या झाडावरून पडला. दीड महिना टेम्पो बंद. काकी त्याला भरवते आणि तो लाजतो, एवढीच घरातली करमणूक.

भाईकाका

•

ओरोस,
२९ मार्च

ती. भाईकाकांस,
सा. नमस्कार.

पोलिसांकडून महिन्याची यादी आली. ओमकार काजूच्या झाडावरून पडला त्याच दिवशी, पाच मार्चला, त्याचा टेम्पो राखणदारापासून वीस पावलांवर अंगणवाडीच्या रश्मीबाईंच्या स्कूटरवर गेला. बाईंची मांडी मोडली आहे. आमच्या यादीत ही पंधरावी नोंद.

मी रश्मीबाईंना भेटून आले. ओमकारही तिथेच होता, गळ्यात हात बांधून, त्यांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर. रोज येतो म्हणाल्या. जिन्यात मला म्हणाला, "ताई, हात देवाक केलंय आणि मगे वर बघितलंय, तवसर स्कूटर पुढ्यात." तुम्ही मला खोटं कळवलंत हे त्याला ठाऊक नाही. मीही सांगितलं नाही.

आता माझं. गुळगुळीत रस्ता कोणाचा दोष, असं तुम्ही विचारलंत. तो माझा आहे. तीन वर्षांपूर्वी रुंदीकरणाच्या नकाशावर तपासणीची सही मी केली. वळण सरळ करायचं तर दगड हलवावा लागला असता, म्हणजे तुम्हाला सांगावं लागलं असतं. मी ते टाळलं. वळण तसंच ठेवून रस्ता तेवढा चांगला केला. खड्डे होते तोवर लोक आपोआप हळू जायचे. पंधराही अपघात माझ्या सहीनंतरचे आहेत. हे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. मला लाज वाटत होती. अजून वाटते.

शाळा जूनच्या मध्यावर सुरू होईल.

नम्रता

•

आडबंदर,
१२ एप्रिल

चि. नम्रतेस,

झाडावरून पडल्याचं खोटं माझं. ओमकारने कोणाला काही खोटं सांगितलेलं नाही. पोरगा बापासारखा निघाला नाही, हे बरं झालं.

आता बस आणि वाच.

मे महिना, १९८८. कट्ट्याहून दुपारची गाडी. कंडक्टर पुढे येऊन कुणाच्या तरी लग्नातला किस्सा सांगत होता आणि मी हसत होतो. वळणावर सुभद्रा लाकडांची मोळी घेऊन रस्ता ओलांडत होती. वय चोवीस. मोळीमुळे तिला बाजूचं दिसत नव्हतं, फक्त ऐकू आलं असतं. मी हॉर्न दिला नाही. हसत होतो, नम्रता. एवढंच कारण.

डेपोत साहेबांनी विचारलं, हॉर्न दिला होतास? मी म्हटलं, दिला होता. कंडक्टरने मान डोलावली. नोकरी टिकली. गावात झालं काय, की सुभद्राच आपल्या तंद्रीत चालत होती, हॉर्नसुद्धा ऐकला नाही तिने. ती ओरडून सांगायची, हॉर्न वाजलोच नाय. कोण ऐकतो? जमलेलं लग्न मोडलं तिचं. पाय अधू झाला म्हणून मोडलं असं लोक म्हणतात. मला विचारशील तर, वेंधळी आहे असं नाव झालं म्हणून मोडलं.

तिच्या घरी जाऊन खरं सांगायचं मला धाडस झालं नाही. महिन्याभराने व्हाळाच्या पाण्यातला एक काळा दगड उचलला, शेंदूर लावला आणि पहिली गाडी सुटायच्या आधी वळणावर ठेवला. मोरीच्या कामात गाडला गेलेला राखणदार वर आला, मला दृष्टान्त झाला, म्हणाला हॉर्न दे आणि हळू जा. हे सगळं मीच पसरवलं. "हॉर्न वाजवा" असा बोर्ड लावला असता तर एकाने वाचला नसता. दगड ठेवला आणि सगळ्यांनी ऐकलं. तू कागदावर करतेस ते काम मी शेंदराने केलं. तीस वर्षं चाललं की नाही? दहा वर्षांत तीन अपघात, तूच लिहिलंस.

आता तो देव की दगड म्हणून विचारू नको. सदतीस वर्षं त्याला फुलं वाहिली गेली आहेत. मी स्वतः त्याच्यापुढे रडलो आहे. मला आता सांगता येत नाही.

मी "नाय" का म्हटलं ते कळलं असेल. देव उचलायचा तर गाऱ्हाणं घालावं लागणार, ते मलाच घालावं लागणार, आणि गाऱ्हाण्यात खोटं बोलत नाहीत. इतकी वर्षं मी तिथे पावसापाण्याचं, गुराढोरांचं, चाकरमान्यांचं सगळं मागितलं. ह्या गोष्टीचं अवाक्षर काढलं नाही.

माका भीती वाटता गो. ह्या वयात लोकांनी तोंड फिरवलेला बघूक होवचा नाय.

भाईकाका

•

ओरोस,
१६ एप्रिल

ती. भाईकाकांस,
सा. नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. फाइलीला लावलेलं नाही.

रुंदीकरणाबद्दल माझं टिपण मी वरच्या साहेबांना लेखी दिलं. त्यांनी वाचलं, "बरं" म्हणाले आणि पंखा वाढवला. एवढंच झालं. मला वाटलं होतं आभाळ कोसळेल.

तुम्ही काय करावं ते मी सांगणार नाही. पंचवीस मेच्या आत जागा मोकळी झाली तर कठडा आणि पट्ट्या शाळेच्या आधी होतील. नाही झाली तर नुसता आरसा लावू, आणि त्याने भागणार नाही. तुम्ही ठरवलंत तरी मी तिथे येणार नाही. मी उभी राहिले तर सरकारने देव हलवला असं होईल.

लोकांचं मला माहीत नाही. मी तोंड फिरवलेलं नाही. मशीन देवघरातून काढा, म्हणजे पुढच्या वेळी हे तोंडानेच सांगता येईल.

तुमची,
नम्रता

•

आडबंदर,
२२ मे

चि. नम्रतेस अनेक आशीर्वाद.

आधी तुझ्या कामाचं सांगतो, नाहीतर म्हणशील म्हाताऱ्याने पाल्हाळ लावलं. जागा मोकळी झाली. तुझी माणसं काल येऊन पांढऱ्या खुणा करून गेली. आरशाचा खांब उभा राहिला. ओमकारचं प्लास्टर निघालं, पण टेम्पोला हात लावत नाही अजून. रश्मीबाई काठीवर चालायला लागल्या. गिरणीसमोर देव व्यवस्थित आहे. सकाळपासून चार गाड्या थांबल्या, माणसं उतरली, पाया पडली. बाकीच्या न थांबता गेल्या, पण समोर बघत गेल्या. चालेल.

आता गाऱ्हाणं. परवा सकाळी नऊची वेळ दिली होती. अख्खा वॉर्ड आला, वरच्या वाडीचेही आले. मी मशीन कानात घालून गेलो. ते घातलं की पहिल्यांदा आपलाच श्वास ऐकू येतो, मेलं घाबरायला होतं. नारळ ठेवला, विडा ठेवला, आणि सुरू केलं. गाऱ्हाणं जसं घातलं तसंच लिहितो; देवापुढे भाई चालत नाही, सत्यवान हे पाळण्यातलं नाव घ्यावं लागतं. शाळेत मला मालवणी लिहायला कोणी शिकवली नाही, चुकलं तर समजून घे.

"बा देवा म्हाराजा, आज तुका हयसून उचलून गिरणीकडे नेतोव, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"थयसून तुझी नजर आमच्या पोराबाळांवर ऱ्हवांदे, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"सदतीस वर्सांमागे ह्या सत्यवानान तुका व्हाळातसून हाडून हय ठेवल्यान, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"कित्याक, तर सुभद्रेक गाडी लागली त्या दिवशी ह्या सत्यवानान हॉर्न वाजवूक नाय, आणि वाजवलंय म्हणान खोटा सांगल्यान, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

लोकांच्या तोंडातून सवयीने गेलं, मग डोक्यात शिरलं. गुरुप्रसादचं तोंड उघडं ते उघडंच. दोघातिघांनी एकमेकांकडे बघितलं. पण देवापुढे होय म्हटलेलं परत कसं घेणार? मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुढचं बोललोच नसतो.

"सुभद्रा सदतीस वर्सां सांगता ता खरा आसा, रे म्हाराजा!"

ह्याला कोणी काही म्हटलं नाही. मला वाटलं मशीन बंद पडलं. कानाला हात लावून बघितला. चालू होतं, चिंचेवरचा कावळासुद्धा ऐकू येत होता. गाऱ्हाणं अर्धवट सोडता येत नाही आणि मागून होकार आल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी तसाच हात जोडून उभा राहिलो.

सुभद्रा सगळ्यांच्या मागे होती, काठी टेकून. हातात जास्वंद होती. मी मागे वळून बघितलं नाही. तिने मला माफ केलं की नाही ते मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही. पण सदतीस वर्षांनी त्या वळणावर मागून तिचा आवाज आला, एकटीचा.

"होय म्हाराजा."

हळू म्हणाली. मशीन कानात होतं म्हणून मी ऐकलं.

तुझा,
भाईकाका